गांजाची मात्रा मोजणारा डॉक्टर

यवतमाळ जिल्ह्यात 'गांजा' हा शब्द वाचकांसमोर येतो तो बहुधा पोलिसांच्या कारवाईच्या बातमीतून. दुसरीकडे याच जिल्ह्यातील सरकारी रुग्णालयांत संधिवात, कंबरदुखी, मज्जातंतूंचे विकार आणि कर्करोगाच्या वेदनांनी त्रस्त झालेले रुग्ण रोज येत असतात. या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध असू शकतो, हे आधुनिक वैद्यकशास्त्राच्या पद्धतीने तपासण्याचा पहिला मोठा प्रयत्न भारतातच झाला. तो करणारे डॉक्टर होते विल्यम ब्रुक ओशॉनेसी. वेदनाशमनासाठी गांजाला कायदेशीर मान्यता द्यावी की नाही, हा वाद आज जगभर रंगला आहे. त्याचे मूळ या आयरिश डॉक्टरच्या १८३९ मधील प्रयोगांपर्यंत जाते.

ओशॉनेसी यांचा जन्म १८०९ मध्ये आयर्लंडमधील लिमरिक येथे झाला. एडिंबरा विद्यापीठातून १८२९ मध्ये त्यांनी वैद्यकीय पदवी मिळवली. लंडनमध्ये व्यवसाय करण्याचा परवाना मात्र त्यांना मिळाला नाही. त्यामुळे रुग्ण तपासण्याऐवजी रासायनिक पृथक्करणाच्या कामाकडे ते वळले. मुलांच्या मिठाईला रंग आणण्यासाठी शिसे, तांबे आणि पारा यांची विषारी संयुगे वापरली जातात, हे त्यांनी १८३१ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातून दाखवून दिले. अन्नभेसळीविरुद्धच्या लढ्यातील हे सुरुवातीचे महत्त्वाचे काम मानले जाते.

त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पटकीची साथ आली. रुग्णाच्या नसा कापून रक्त काढणे हा त्या काळातील प्रचलित उपचार होता. ओशॉनेसी सुंदरलँडला गेले आणि रुग्णांचे रक्त तपासू लागले. पटकीच्या रुग्णाच्या रक्तातून पाणी आणि क्षार मोठ्या प्रमाणावर निघून जातात, असे त्यांना आढळले. जे गेले आहे ते शिरेवाटे परत द्यावे, असा विचार त्यांनी मांडला. स्कॉटलंडमधील डॉ. थॉमस लॅटा यांनी १८३२ मध्ये तो प्रत्यक्ष रुग्णांवर अमलात आणला. आज खेड्यापाड्यांतील रुग्णही डॉक्टरांकडे 'सलाइन' मागतो, त्या उपचाराचा पाया असा घातला गेला. तेव्हा ओशॉनेसी जेमतेम २२ वर्षांचे होते.

कोलकात्यातील प्रयोगशाळा

सन १८३३ मध्ये ते ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत सहायक शल्यचिकित्सक म्हणून भारतात आले. कोलकाता येथे १८३५ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि तेथे त्यांची रसायनशास्त्राचे प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. भारतीय विद्यार्थ्यांना पाश्चात्त्य वैद्यक शिकवणारी ही संस्था होती. तेथे काम करताना ओशॉनेसी यांचे लक्ष या देशातील औषधी वनस्पतींकडे गेले. विलायतेतून येणारी औषधे महाग होती आणि प्रवासात बरीचशी निकामी होत. येथील बाजारात स्वस्तात मिळणारी द्रव्ये तपासून घ्यावीत, हा त्यामागचा व्यावहारिक हेतू होता.

या द्रव्यांत गांजा, भांग आणि चरस ही एकाच झाडापासून मिळणारी तीन द्रव्ये होती. भांग म्हणजे पाने, गांजा म्हणजे मादी झाडाचे फुलोरे आणि चरस म्हणजे त्या झाडाची राळ. आयुर्वेदात भांगेला 'विजया' म्हणतात. अतिसार, अन्नपचन, निद्रानाश आणि वेदना यांवर ती वापरली जात असे. युनानी हकीमही तिचा उपयोग करीत. ओशॉनेसी यांनी ही परंपरा अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारली नाही आणि ती डोळे झाकून स्वीकारलीही नाही. त्यांनी कोलकात्यातील संस्कृत पंडितांची व हकिमांची मदत घेऊन जुने ग्रंथ धुंडाळले. शवविच्छेदन करून त्या काळी खळबळ उडवून देणारे पंडित मधुसूदन गुप्ता हे त्यांच्या सहाय्यकर्त्यांपैकी एक होते.

त्यानंतर प्राण्यांवर प्रयोग झाले. कुत्री, मांजरे, शेळ्या, मासे आणि पक्षी यांना हे द्रव्य देऊन परिणामांची नोंद करण्यात आली. मांसाहारी प्राण्यांना नशा चढते, मात्र गवत खाणाऱ्या प्राण्यांवर परिणाम फारसा दिसत नाही, असे त्यांना आढळले. कोणताही प्राणी या द्रव्याने तडफडून मेला नाही, ही नोंद त्यांना महत्त्वाची वाटली. कारण वेदनेवर तेव्हा प्रामुख्याने अफू दिली जाई आणि तिची मात्रा थोडी चुकली तरी रुग्णाचा श्वास थांबण्याची भीती असे.

संधिवाताचे रुग्ण

मग माणसांवर उपचार सुरू झाले. सुरुवात दीर्घकाळच्या संधिवाताच्या रुग्णांपासून झाली. एका रुग्णाला दुपारी दोन वाजता गांजाच्या राळेचा एक ग्रेन, म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, देण्यात आला. चार वाजता तो बडबड करू लागला, गाऊ लागला, जास्तीचे जेवण मागू लागला आणि आपण ठणठणीत बरे झालो असे सांगू लागला. सहा वाजता तो झोपी गेला. आठ वाजता मात्र तो बेशुद्धावस्थेत आढळला. त्याचा श्वास नियमित होता. पण त्याचा हात उचलून ज्या स्थितीत ठेवावा त्याच स्थितीत तो राहत होता. काही तासांनी तो पूर्ववत झाला आणि त्याला अपाय झाला नाही.

या घटनेनंतर ओशॉनेसी यांनी मात्रा कमी केली. पुढील रुग्णांना वेदनेपासून आराम मिळाला, भूक वाढली आणि मनाला उभारी आली, असे त्यांनी नोंदवले. पिसाळलेला कुत्रा चावलेल्या एका रुग्णावरही त्यांनी उपचार केले. पाण्याच्या दर्शनानेही झटके येणारा तो रुग्ण औषधानंतर फळाचा रस घेऊ शकला. तो वाचला नाही. पण त्याचे अखेरचे दिवस सुसह्य झाले. असाध्य रोगातही वेदना कमी करणे हे डॉक्टरचे कर्तव्य आहे, हा विचार या नोंदीमागे स्पष्ट दिसतो. आज ज्याला वेदनाशामक उपचार किंवा 'पॅलिएटिव्ह केअर' म्हणतात, त्याचाच हा गाभा आहे.

धनुर्वाताच्या रुग्णांपैकी काही वाचले, काही दगावले. दोन्ही प्रकारच्या नोंदी त्यांनी प्रसिद्ध केल्या. जेमतेम ४० दिवसांच्या एका बालिकेचे आचके या औषधाने थांबले, तेव्हा झटके थांबवण्यासाठी वैद्यकशास्त्राला एक मोलाचे औषध मिळाले आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्याचबरोबर सतत गांजा घेणाऱ्यांना होणाऱ्या भ्रमाचे वर्णनही त्यांनी केले आणि मात्रा अल्प ठेवण्याचा इशारा दिला. हा प्रबंध १८३९ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे 'बेंगॉल डिस्पेन्सेटरी' आणि १८४४ मधील 'बेंगॉल फार्माकोपिया' या ग्रंथांतूनही त्यांनी भारतीय औषधांची पद्धतशीर माहिती दिली.

प्रकृतीच्या कारणास्तव १८४१ मध्ये ते इंग्लंडला गेले, तेव्हा गांजाचे नमुने सोबत होते. लंडनमधील औषध विक्रेते पीटर स्क्वायर यांनी त्यापासून अर्क तयार केला. रॉयल सोसायटीने १८४३ मध्ये ओशॉनेसी यांना सदस्यत्व दिले. अर्धशिशी, मज्जातंतूंच्या वेदना, निद्रानाश यांवर युरोप आणि अमेरिकेतील डॉक्टर गांजाचा अर्क लिहून देऊ लागले. राणी व्हिक्टोरियाचे डॉक्टर जॉन रसेल रेनॉल्ड्स यांनी १८९० मध्ये तीस वर्षांच्या अनुभवाच्या आधारे या औषधाची बाजू मांडली. राणीने स्वतः ते घेतल्याची कथा पुन्हा पुन्हा सांगितली जाते. तिला पुरावा मात्र नाही.

औषधाकडून तारेकडे

ओशॉनेसी यांच्या आयुष्याचा दुसरा अध्याय तितकाच विलक्षण आहे. गांजावरील प्रबंध प्रसिद्ध झाला त्याच १८३९ मध्ये त्यांनी कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात बांबूंवर सुमारे २१ मैल लांबीची तार ताणून विजेने संदेश पाठवण्याचा प्रयोग केला होता. सरकारने तेव्हा त्याकडे लक्ष दिले नाही. लॉर्ड डलहौसी गव्हर्नर जनरल झाल्यावर चित्र बदलले. कोलकाता ते डायमंड हार्बर ही तारवाहिनी १८५१ मध्ये सुरू झाली आणि पुढल्याच वर्षी ओशॉनेसी तार खात्याचे प्रमुख झाले. शिवचंद्र नंदी हे या कामातील त्यांचे विश्वासू सहकारी होते.

मोठे काम १८५३ च्या अखेरीस हाती घेण्यात आले. मार्च १८५४ मध्ये आग्र्याहून कोलकात्याला पहिला संदेश पोहोचला. फेब्रुवारी १८५५ मध्ये कोलकाता, आग्रा, मुंबई आणि मद्रास यांना जोडणारी तार लोकांसाठी खुली झाली. या कामगिरीबद्दल १८५६ मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला. १८५७ च्या उठावात इंग्रजांना याच तारेने मोठा आधार दिला, ही या कामगिरीची दुसरी बाजू भारतीय वाचकाला विसरता येणार नाही. सुमारे १६० वर्षे चाललेली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली.

ओशॉनेसी यांनी १८६१ पर्यंत भारताचा कायमचा निरोप घेतला आणि आपले आडनाव बदलून ब्रुक असे केले. त्यानंतर ते सार्वजनिक जीवनापासून दूर राहिले. इंग्लंडमधील साउथसी येथे जानेवारी १८८९ मध्ये त्यांचे निधन झाले. पटकीवरील उपचार, गांजा आणि तार या तिन्ही कामांमागे एकच माणूस आहे, याची आठवण पुढे फारशी कोणाला राहिली नाही.

वऱ्हाडापर्यंत पोहोचलेली चौकशी

त्यांच्या निधनानंतर चारच वर्षांनी गांजावर बंदी घालावी की नाही, हा प्रश्न ब्रिटिश संसदेत गाजला. वेड्यांच्या इस्पितळांतील रुग्ण गांजामुळे वेडे झाले आहेत, असा आरोप होत होता. जुलै १८९३ मध्ये भारतीय गांजा चौकशी आयोग नेमण्यात आला. देशभरातील १,१९३ साक्षीदारांचे म्हणणे आयोगाने नोंदवले. मुंबई इलाख्याबरोबर वऱ्हाडातील साक्षीही त्यात होत्या. आजचा यवतमाळ जिल्हा तेव्हा वऱ्हाडातच होता आणि सरकारी दप्तरी वणीच्या नावाने ओळखला जात होता. मुंबई इलाख्यात गांजाचे पीक प्रामुख्याने नगर जिल्ह्यात होई, तर मध्य प्रांतात खांडव्याच्या परिसरात.

आयोगाने १८९४ मध्ये सात खंडांचा अहवाल दिला. वेड्यांच्या इस्पितळांतील नोंदी तपासल्या असता, अनेक ठिकाणी कसलीही चौकशी न करता 'गांजामुळे' असे कारण लिहिले गेल्याचे उघड झाले. मर्यादित सेवनाने सहसा अपाय होत नाही, अतिसेवनाने होतो, असा आयोगाचा निष्कर्ष होता. संपूर्ण बंदी आवश्यक नाही आणि व्यवहार्यही नाही, त्याऐवजी परवाने आणि कर यांद्वारे नियंत्रण ठेवावे, असे त्याने सुचवले. अर्थात, सरकारला या करातून उत्पन्न मिळत होते, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

औषध मागे का पडले?

गांजाचा अर्क औषधालयांतून मागे पडण्याची कारणे प्रथम वैद्यकीय होती. एका झाडाचा अर्क तीव्र, तर दुसऱ्याचा निष्प्रभ निघे. त्यामुळे मात्रा ठरवता येत नसे. हे द्रव्य पाण्यात विरघळत नाही, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आलेल्या सुईवाटे ते देता येईना. मॉर्फिन मात्र टोचता येत होते. १८९९ मध्ये ॲस्पिरिन बाजारात आले. ब्रिटिश फार्माकोपियातून गांजा १९३२ मध्ये वगळला गेला. अमेरिकेने १९३७ मध्ये कडक कर लावून त्याचा वापर जवळजवळ अशक्य करून टाकला. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात गांजाला सर्वांत कडक नियंत्रणाच्या यादीत स्थान मिळाले.

भारतात १४ नोव्हेंबर १९८५ पासून अमली पदार्थविरोधी कायदा लागू झाला. या कायद्याने फुलोरे आणि राळ यांवर बंदी आली. निव्वळ पाने आणि बिया गांजाच्या व्याख्येतून वगळण्यात आल्या. भांगेवर राज्यांचे कायदे लागू होतात. कायद्यात वैद्यकीय आणि शास्त्रीय उपयोगासाठी अपवाद आहे. परंतु विनापरवाना गांजाची लागवड केल्यास दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. २० किलोपेक्षा अधिक गांजा सापडल्यास किमान शिक्षाच दहा वर्षांची आहे.

या कायद्याचा फटका केवळ गांजालाच बसला नाही. कर्करोगाच्या रुग्णांना लागणारे मॉर्फिनही परवान्यांच्या जाळ्यात अडकले आणि त्याचा वैद्यकीय वापर देशभर घसरला. वेदनाशामक उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी अनेक वर्षे पाठपुरावा केल्यानंतर २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि ही प्रक्रिया सुलभ करण्यात आली. नशा रोखण्याच्या प्रयत्नात रुग्णाच्या हातचे औषध हिरावले जाऊ शकते, हा त्यातून मिळालेला धडा आहे.

आजचा वाद

गांजातील मुख्य मादक घटक 'टीएचसी' १९६४ मध्ये इस्रायलमधील शास्त्रज्ञांनी वेगळा काढला. पुढे मेंदू आणि मज्जारज्जूत या घटकाला प्रतिसाद देणारी ग्राहके सापडली. शरीर स्वतःही अशा प्रकारचे पदार्थ तयार करते, हे १९९२ मध्ये सिद्ध झाले. वेदनेचा संदेश सौम्य करण्यात या यंत्रणेचा वाटा आहे. ओशॉनेसी यांच्या रुग्णांना आराम का मिळाला असावा, त्याचे उत्तर त्यात आहे. लहान मुलांच्या काही दुर्धर आचक्यांवर नशा न आणणाऱ्या 'सीबीडी' या घटकाच्या औषधाला अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळाली. कोलकात्यातील त्या बालिकेवरील उपचारानंतर १७९ वर्षांनी हे घडले.

दीर्घकालीन वेदनांबाबत मात्र तज्ज्ञांत एकमत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१७ मध्ये प्रौढांच्या दीर्घकालीन वेदनांवर गांजा उपयुक्त असल्याचा भरीव पुरावा असल्याचे म्हटले. ब्रिटनच्या आरोग्य मार्गदर्शक संस्थेने २०१९ मध्ये या कारणासाठी तो न देण्याची शिफारस केली. वेदनाविषयक आंतरराष्ट्रीय संघटनेनेही २०२१ मध्ये त्याला पाठिंबा देण्यास नकार दिला. चक्कर, गुंगी, सवय लागण्याचा धोका आणि किशोरवयात सेवन केल्यास मानसिक आजारांची वाढणारी शक्यता, ही विरोधकांची कारणे आहेत. समर्थकांचे म्हणणे असे की, अन्य औषधे निरुपयोगी ठरलेल्या रुग्णाला डॉक्टरच्या देखरेखीखाली हा मार्ग खुला असावा.

डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगाने २७ विरुद्ध २५ मतांनी गांजाला सर्वांत कडक यादीतून वगळले. भारताने या बदलाच्या बाजूने मत दिले. त्यामुळे गांजा मोकळा झाला नाही; त्याच्या वैद्यकीय उपयुक्ततेची शक्यता तेवढी मान्य झाली. उत्तराखंडने २०१८ मध्ये नशारहित औद्योगिक वाणाच्या लागवडीची वाट मोकळी केली. हिमाचल प्रदेश विधानसभेनेही २०२४ मध्ये औषधी व औद्योगिक लागवडीच्या दिशेने पाऊल टाकले. 'विजया' असलेली आयुर्वेदिक औषधे आजही परवाना घेऊन तयार होतात. परंतु ती वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यावयाची असतात.

या वादात दोन गोष्टींची गल्लत नेहमी होते. नशेसाठी गांजा खुला करणे वेगळे आणि तपासलेले, मात्रा ठरलेले औषध रुग्णाला उपलब्ध करून देणे वेगळे. पहिल्याला विरोध असणारा माणूसही दुसऱ्याचा विचार करू शकतो. त्याचप्रमाणे दुसऱ्याच्या नावाखाली पहिले रेटणेही योग्य नव्हे. चिलमीतून ओढलेल्या गांजात औषधी घटक किती आणि विषारी धूर किती, हे कोणीच सांगू शकत नाही. यवतमाळच्या एखाद्या कंबरदुखीच्या रुग्णाने तो ऐकीव माहितीवर ओढला, तर त्याला आराम मिळेलच असे नाही. गुन्हा मात्र नक्की दाखल होऊ शकतो.

ओशॉनेसी यांच्या कामाचे आजच्या काळातील मोल येथेच आहे. परंपरा सांगते म्हणून त्यांनी गांजाला संजीवनी ठरवले नाही आणि बदनाम आहे म्हणून नाकारलेही नाही. त्यांनी ग्रंथ वाचले, प्राण्यांवर तपासणी केली, रुग्णाशेजारी बसून तासातासाची नोंद केली, पहिली मात्रा जास्त झाल्याचे दिसताच ती कमी केली आणि यशाबरोबर अपयशही छापले. त्यांच्या रुग्णांची संख्या थोडी होती आणि आजच्या निकषांवर ते प्रयोग पुरेसे ठरणार नाहीत. परंतु ज्या देशात या औषधाची पहिली शास्त्रीय नोंद झाली, त्याच देशात त्याच्या मोठ्या आणि निःपक्ष चाचण्या व्हाव्यात, ही अपेक्षा गैर म्हणता येणार नाही. वेदनेने रात्र रात्र जागणाऱ्या रुग्णाला या वादाच्या निकालापेक्षा, आपल्याला काय उपयोगी पडेल आणि किती प्रमाणात, याचे खात्रीचे उत्तर हवे आहे.